पिवळीची चाल

जावईबापू म्हणवून घ्यायचंही एक वय असतं. लग्नानंतरची दोन-चार वर्षं ते शोभतं. पुढे पोट सुटतं, केस आपापल्या वाटेने निघून जातात आणि माणूस नुसता जावई उरतो. पण या गोष्टीतल्या गृहस्थांना चोपन्नाव्या वर्षी अख्खी इमारत जावईबापू म्हणू लागली, कारण त्यांच्या सासूबाई कायमच्या राहायला आल्या आणि त्यांना त्याच नावाने हाका मारू लागल्या. सासूबाईंनी चाळीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला होता. खडखडणाऱ्या वीस यंत्रांच्या वर आवाज काढायची सवय असल्यामुळे त्यांची हाक तिसऱ्या मजल्यावरून निघून तळमजल्यावरच्या पार्लरपर्यंत पोचायची.

त्याआधी त्यांना 'काचवाले' म्हणत. एका चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ते काचा घासत आणि फ्रेममध्ये बसवत. काम मोठं नाजूक. केसभर जास्त घासली तर काच गिऱ्हाइकाच्या ताटात पडते, केसभर कमी घासली तर फ्रेम तुटते. हा माणूस दिवसभर श्वास रोखून काम करायचा आणि घरी आला की तो सगळा श्वास जुन्या कॉम्प्युटरांवर सोडायचा.

लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणायचे आणि ते चालू करून दाखवायचे, हा जावईबापूंचा छंद. चालू करून पुढे काय, असं विचारलं की ते विचारणाऱ्याकडे दयेने बघत. मागच्या खोलीत अशी अकरा धुडं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. एकाच्या पंख्याला धाप लागायची, तो दमेकरी. एकातून आवाजच निघायचा नाही, तो बहिरा. एकाला जागं व्हायला पंचवीस मिनिटं लागत, त्याचं नाव अर्थातच कुंभकर्ण. कळफलकांची बटणं उपटून ते भांड्यांच्या साबणाने धूत आणि पिठाच्या चाळणीत वाळत घालत. जुन्या खोक्यांचं प्लास्टिक पिवळं पडतं, ते पांढरं करायला केस उजळायचं क्रीम फासून ती गच्चीवर उन्हात ठेवावी लागतात. ते क्रीम ते तळमजल्यावरच्या पार्लरमधून आणत. चार-चार डबे एकदम नेतात आणि डोक्यावर तर मोजून बारा केस, याचं कोडं पार्लरवालीला दोन वर्षं सुटलं नव्हतं.

त्यात लिनक्स. कॉम्प्युटर चालवणारी ही प्रणाली जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेली आहे आणि ती कुणीही घेऊन वापरावी, एवढंच ते बोलले असते तर लोकांनी ऐकूनही घेतलं असतं. पण ते मुळापासून सुरू करत. डोळ्याला नंबर किती लागला एवढं विचारायला आलेली माणसं लिनक्सचा इतिहास ऐकून, नंबर न विचारताच घरी जात. एकदा त्यांनी मालकांना न सांगता दुकानाच्या कॉम्प्युटरवरही लिनक्स चढवलं, तेव्हा तिथला प्रिंटर तीन दिवस मौनात गेला होता. मालकांनी तेव्हापासून त्यांना काचेशिवाय कशालाही हात लावायची बंदी केली.

त्यांची बायको एका शाळेच्या कचेरीत काम करायची. तिने लग्न एकाशी केलं होतं आणि नांदत होती ती बारा जणांत, पण ती फारसं बोलायची नाही. मात्र आईचे गुडघे जिना चढेनात आणि तिला इकडे आणायचं ठरलं, तेव्हा ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. इथे आईचा पलंग येईल, ती म्हणाली, यातलं एक ठेवा. जावईबापूंनी चारापासून सुरुवात केली, मग तीनवर आले, मग दोन लहान मिळून एक धरावेत असं सुचवलं. तोवर ती पलंगाचं माप घेऊन निघूनही गेली होती. इमारतीला लिफ्ट आहे हे तिने आईला आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे मागे फिरायचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या दिवशी दात घासताना त्यांना तोडगा सुचला. हल्लीच्या दणकट कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर राहू शकतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तो खरा नसतोच, पण त्याला ते माहीत नसतं. आपल्याला स्वतःचं खोकं आहे, स्वतःची डिस्क आहे, अशा समजुतीत तो बिचारा सुखाने काम करतो. म्हणजे अकरांतला सगळ्यांत नवा आणि दणकट तेवढा एकच ठेवायचा, त्यावर लिनक्स घालायचं आणि बाकी दहा जणांना त्याच्या पोटात भाडेकरू म्हणून वसवायचं. बायकोला हे सांगितल्यावर तिने एकच विचारलं, की बाहेरून किती दिसतील. एक, ते म्हणाले. मग पोटात शंभर भरा, ती म्हणाली.

तीन रविवार लागले. प्रत्येकाच्या डिस्कची तंतोतंत नक्कल उतरवून घेतली. एकट्या कुंभकर्णाने अख्खा एक रविवार खाल्ला. मग भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि दहाही धुडं घेऊन गेला. जावईबापूंनी एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. खिडकीत उभ्या असलेल्या बायकोला क्षणभर वाईट वाटलं, पण गाडी वळणाआड गेल्यावर खोलीत फरशी दिसली आणि ते वाईट वाटणं ओसरलं.

त्या दहांत पिवळी होती, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

पिवळी सासूबाईंच्या वर्गातली. टायपिंगच्या यंत्रांचे दिवस संपत आले तेव्हा वर्गात आलेला हा पहिला कॉम्प्युटर. सासूबाईंच्या एका विद्यार्थिनीने त्यावर एक खेळ लिहून दिला होता. पडद्याच्या वरच्या कडेपासून एकेक अक्षर ओळीओळीने टिक् टिक् करत खाली पडायचं, ते तळाला पोचायच्या आत त्याचं बटण दाबायचं. शंभर अक्षरं पडायची आणि झेलली तेवढे मार्क. खाली यादी यायची, त्या यादीत सगळ्यांत वर 'बाई – ९७' असं होतं आणि ते कुणाला कधी खाली ओढता आलं नाही. वर्ग बंद झाला तेव्हा सासूबाईंनी पिवळी जावयाच्या हवाली केली आणि एवढंच म्हणाल्या, "सांभाळा हिला."

जावईबापूंच्या मते त्यांनी सांभाळलीच होती. तिच्या डिस्कवरचं एक अक्षरही हरवलं नव्हतं. गेलं ते नुसतं पत्र्याचं आणि प्लास्टिकचं खोकं. माणूस नवीन घरात राहायला गेला म्हणून कुणी सुतक पाळतं का, असा त्यांचा सवाल होता. तो त्यांनी स्वतःलाच विचारला होता, सासूबाईंना नाही.

सासूबाई आल्या. पलंग पसंत पडला, खिडकी पसंत पडली, लेकीने कपाट लावलंय ते पसंत पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिली हाक मारली आणि पिवळी कुठे आहे ते विचारलं. जावईबापूंनी मोठ्या ऐटीत आपला एकुलता एक कॉम्प्युटर दाखवला. पिवळीतलं सगळं यात आणून ठेवलंय, म्हणाले. आणि ती स्वतः? ती नीट ठेवलीय, जावईबापू बोलून गेले. खोटं बोलायला त्यांना एरवी जमत नाही, पण हे इतकं गुळगुळीत बाहेर पडलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. पाठ ताठ, कोपरं अंगाशी, मनगटं उचललेली. पडद्यावर काळ्या चौकटीत जुनी हिरवी अक्षरं उमटली, खाली यादीत ९७ दिसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी चमकलं, वीज लखलखल्यासारखं, आणि मार्क आले: शून्य.

त्यांनी पुन्हा दाबलं. शून्य. तिसऱ्यांदा त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला, तोही जावयानेच बसवलेला. शून्य. सासूबाईंनी दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गेली बोटं."

असं म्हणून त्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

जावईबापू गडबडले. दुकानात जायच्या आधी त्यांनी तो खेळ उघडून आत लिहिलेल्या ओळी वाचल्या. त्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं: एकपासून पाच हजारांपर्यंत मोज, मग अक्षर एक ओळ खाली सरकव. पिवळीला पाच हजारांपर्यंत मोजायला वेळ लागायचा. ती मोजायची, दम खायची, अक्षर खाली ढकलायची. त्या वेळातच माणसाचं बोट बटणापर्यंत जायचं. नव्या कॉम्प्युटरला पाच हजार म्हणजे किस झाड की पत्ती. शंभरच्या शंभर अक्षरं त्याने पापणी लवायच्या आत तळाला नेऊन आपटली होती. जावईबापूंनी पिवळीचं सगळं काही जपलं होतं, फक्त तिचा मंदपणा भंगारात दिला होता. आणि खेळाचा सगळा जीव त्या मंदपणातच होता.

हे ताबडतोब सांगून टाकायला हवं होतं. पण सांगायचं तर पिवळी कुठे आहे तेही सांगावं लागणार. उद्या सांगू, असं करत त्यांनी चार दिवस काढले. त्या चार दिवसांत सासूबाईंनी हातांची आशाच सोडली. कप दोन्ही हातांनी धरू लागल्या. सुईत दोरा ओवायला लेकीला बोलावू लागल्या. बरणीचं झाकण उघडायचं तरी ती लेकीपुढे सरकवू लागल्या. लेक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी एकेक बोट वाकवून पाहिलं आणि या हातांनी कुणाचा कान धरला तर सुटायचा नाही, असा निर्वाळा दिला. सासूबाईंना तो पटला नाही. डॉक्टरांना हात कळतात, बोटं कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पाचव्या दिवशी जावईबापूंनी गुपचूप उपाय केला. पोटातल्या भाडेकरूला लगाम घालायची सोय असते. त्याला किती ताकद द्यायची तो आकडा कमी केला की तो मंदावतो. पिवळी नक्की किती मंद होती ते त्यांना आठवेना. मग त्यांनी आकडा खाली आणला, आणखी खाली आणला आणि भीतीपोटी आणखी थोडा. आज पुन्हा करून बघा, आई, ते म्हणाले, तुमचा हात तेव्हा प्रवासाने आखडला असेल.

अक्षरं गुडघेदुखीचा माणूस जिना उतरतो तशी उतरू लागली. सासूबाईंनी शंभरच्या शंभर झेलली. पुन्हा बसल्या, पुन्हा शंभर. त्या दिवशी त्यांनी झाकण तर उघडलंच, शेजाऱ्यांच्याही दोन बरण्या मागवून घेतल्या.

पुढचा आठवडा घराने कसा काढला ते घरालाच ठाऊक. सासूबाईंनी जुन्या विद्यार्थिनींना फोन लावले. काय गं, लग्न झालं का, हे विचारायच्या आधी शंभरांची बातमी जायची. यादीत बाई – १०० अशा ओळींवर ओळी चढल्या आणि ९७ बिचारे पार खाली गेले. लेकीच्या टायपिंगमध्ये त्यांनी चुका काढल्या, जावयाच्या काच घासण्यात काढल्या, लिफ्टची बटणं कुठल्या बोटाने दाबावीत तेही इमारतीला शिकवलं. आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला कौतुक बघायला वर बोलावू लागल्या.

एका शनिवारी पार्लरवाली वर आली. तिची नखं बोटांपेक्षा लांब, त्यांवर चांदण्या चिकटवलेल्या. आयुष्यात तिने कळफलकाला हात लावला नव्हता. सासूबाईंनी आधी शंभर करून दाखवले आणि मग उदार मनाने तिला खुर्ची दिली. रडू नको, पहिल्या वेळी सगळ्यांचीच फजिती होते, असा धीरही दिला. पार्लरवालीने उजव्या हाताचं एक बोट काढलं आणि नखाच्या टोकाने, एकीकडे कुणाच्या भुवया कशा बिघडल्या ते सांगत, टक टक करत राहिली. मार्क आले: ९१.

पार्लरवाली खूश होऊन गेली. सासूबाई पडद्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी हाक मारली, पण नेहमीची नव्हे, फक्त खोलीपुरती. जावईबापू आत आले आणि त्यांना बघूनच समजले. त्यांनी सगळं सांगून टाकलं: पाच हजारांपर्यंतची मोजणी, लगाम, आणि पिवळी भंगारात गेली तेही. दारात बायको उभी होती. तिने कपाळाला हात लावला.

पिवळीबद्दल सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. "चाळीस वर्षांत मी कुणाला फुकटचा एक मार्क दिला नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीला नापास केलं मी दोनदा. आणि तुम्ही मला शंभर वाटलेत."

त्या दिवसापासून हाका थांबल्या. काही लागलं तर सासूबाई लेकीला सांगत. जावई समोर आले तर बसा, घ्या, बरं आहे, एवढंच बोलत, आणि तेही इतक्या अदबीने की ऐकणाऱ्याला कापरं भरावं. बायकोने त्यांना समजावलं, आई ज्याला ओरडते त्याचं ठीक असतं, जिच्यावर तिने पाणी सोडलं तिला ती वर्गात कधी ओरडली नाही. खालच्या पार्लरमध्येसुद्धा चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तुमच्या आई आजारी आहेत का, म्हणून पार्लरवाली विचारून गेली. आपले ९१ कशामुळे आले हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

जावईबापूंना मनापासून लाज वाटत होती. रविवारी सकाळी ते भंगारवाल्याच्या अड्ड्यावर गेले. पिवळी सापडली. आतलं सगळं काढून विकलेलं होतं आणि रिकाम्या खोक्यात भंगारवाल्याची मांजर चार पिल्लांना घेऊन झोपली होती. पिल्लांचे डोळे उघडल्याशिवाय खोकं मिळणार नाही, भंगारवाल्याने बजावलं. जावईबापू थोडा वेळ उकिडवे बसून राहिले. त्यांनी इतक्या मायेने उन्हात उजळायला घेतलेलं ते खोकं अजून पिवळंच होतं.

ते घरी आले आणि तडक सासूबाईंच्या पलंगाशी गेले. पिवळी आता येणार नाही, त्यांनी स्वच्छ सांगितलं. "तिची चाल किती होती ते मला आठवत नाही, आई. मी अंदाजाने लावली तर परत फुकटचे मार्क होतील, नाही तर परत शून्य. तुम्हाला आठवते का?"

सासूबाई उठल्या, आपली पेटी उघडली आणि तळातून एक लाकडी पट्टी काढली. तिची कड बोथट झाली होती. नव्या मुली पडद्याला घाबरून बटणं चुकत, तेव्हा बाई शेजारी उभ्या राहून पिवळीबरोबर टेबलावर ही पट्टी वाजवत. अक्षर एक ओळ खाली, की पट्टी एकदा टेबलावर. किती वर्षं, किती मुली. पिवळीचा ठेका या मनगटात मुरलेला होता.

त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावर पट्टी वाजवायला लागल्या. टक. टक. टक. जावईबापूंनी लगामाचा आकडा धरला. अक्षराची टिक् पट्टीच्या आधी आली. कमी करा, सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. मग मागे पडली. वाढवा. जावईबापूंनी काच घासताना धरतात तसा श्वास धरला आणि केसभर, केसभर आकडा सरकवत राहिले. बायको आली तीही शेजारी उभी राहिली. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी अक्षराची टिक् आणि पट्टीचा आवाज एकमेकांवर असे बसले, की तिघांनाही त्यांतलं वेगळं काही ऐकू येईना.

"हीच," सासूबाई म्हणाल्या. पट्टी बाजूला ठेवून त्या खुर्चीवर बसल्या.

जावईबापूंनी बघितलं नाही, नुसतं ऐकलं. मधे दोनदा बोटं अडखळली. एकदा सासूबाईंनी चक् असा आवाज केला. मग सगळं थांबलं. मार्क आले: ८८.

जावईबापूंना वाटलं, आता परत भिंतीकडे तोंड. सासूबाई आकड्याकडे बघत होत्या आणि डावा हात उघडमीट करत होत्या.

"बारा सुटली," त्या म्हणाल्या. "त्यातली सात डाव्या करंगळीची. ती पहिल्यापासूनच आळशी आहे." मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "पण हे अठ्ठ्याऐंशी माझे आहेत."

मग त्यांनी आधीचे सगळे शंभर यादीतून पुसून टाकायला लावले. एकतीस ओळी होत्या. एकदम पुसायची सोय आहे, जावईबापू म्हणाले. एकेक, सासूबाई म्हणाल्या. एकतिसावी ओळ गेली तेव्हा यादीत वर बाईंचे ९७ होते, त्याखाली पार्लरवालीचे ९१, आणि त्याखाली बाईंचे ८८. पार्लरवालीचं काय करायचं, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि ते राहू द्या म्हणाल्या. करंगळीला धाक हवा.

जावईबापू उठायला लागले, तर त्यांच्यापुढे खुर्ची सरकवण्यात आली. इतकी वर्षं कॉम्प्युटर चालू करता, त्यावर काही करून दाखवा, असा हुकूम झाला. ते बसले. पाठ वाकलेली, मनगटं टेबलावर पसरलेली, टायपिंगला फक्त दोन बोटं. पहिली सहा अक्षरं पाहता पाहता तळाला गेली.

पट्टी टेबलावर आपटली. "जावईबापू, मनगटं वर."

ही हाक खिडकीतून खाली पार्लरमध्ये पोचली. तिथे पार्लरवाली कुणाच्या तरी केसांना क्रीम लावत होती. आल्या वाटतं आजारातून उठून, ती म्हणाली आणि हातातलं काम पुढे सुरू केलं.